एजंटच्या हाती ‘मेक’ची किल्ली

फायनल इयरच्या सबमिशनचे दिवस जवळ आले की हल्ली हॉस्टेलवर एक नवेच दृश्य दिसते. पूर्वी रात्री दोन वाजता एखाद्या खोलीत दिवा दिसला, की समजायचे गडी एररशी झुंजतोय. आता दिवा चालू असतो, लॅपटॉप चालू असतो, पण गडी खाली कट्ट्यावर चहा पीत बसलेला! ‘‘प्रोजेक्टचं काय रे?’’ असे विचारले तर शांतपणे उत्तर येते, ‘‘एजंट लावलाय. व्हायलंय.’’

शेतात मोटार लावून घरी यावे, तसा हा लावलेला एजंट. त्याला सांगायचे, ‘प्रोजेक्ट बिल्ड होत नाहीये, जरा बघ.’ मग तो फाईली उघडतो, एरर वाचतो, कोड बदलतो, पुन्हा बिल्ड चालवतो, पुन्हा एरर वाचतो. काम होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण चहा पीत असताना आपल्या लॅपटॉपवर, आपल्याच नावाने, कोण कोण कमांड चालवून जाते याचा हिशोब फार थोड्यांनी केलेला असतो. तो हिशोब इथे मांडायचा आहे. आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो, बरं का.

मुकादम आणि टोळी

‘बिल्ड’ म्हणजे काय हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. पण आपल्या अंकाचे वाचक सिव्हिल-मेकॅनिकलचेही आहेत आणि ऑफिसातले साहेब-मॅडमही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या भागातल्या पोरांना साखर कारखाना ठाऊक असतोच. गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि पलीकडून साखरेचे पोते बाहेर येते. मध्ये गाळप, रस, चुन्याची निवळी, उकळण, सेंट्रिफ्युगल अशी रांग असते. सॉफ्टवेअरचेही तसेच. आपण लिहिलेला सोर्स कोड एका बाजूने जातो आणि चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूने निघतो. मध्ये लागणाऱ्या लायब्रऱ्या इंटरनेटवरून आणणे, कंपाईल करणे, सगळे जोडणे, टेस्ट चालवणे, पॅकेज बांधणे अशी कामे असतात. ही कामे योग्य क्रमाने करवून घेते ते बिल्ड टूल. मेक, सीमेक, मेव्हन, ग्रेडल, एनपीएम, पिप, कार्गो ही सगळी त्याच जातीची.

यातले सर्वांत जुने आणि अजून जोमात असलेले म्हणजे ‘मेक’. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ते लिहिले. त्याची मेकफाईल अगदी साधी असते. काय बनवायचे, त्यासाठी काय लागते, आणि खालच्या ओळीवर टॅब देऊन ते कसे बनवायचे त्याची कमांड. (टॅबऐवजी स्पेस दिली की येणारी ती प्रसिद्ध एरर किती पिढ्यांनी खाल्ली असेल देव जाणे!) आता या खालच्या ओळीकडे नीट बघा. तिथे कुठलीही शेल कमांड चालते. ‘ही फाईल कंपाईल कर’ असे लिहिता येते, तसेच ‘होम फोल्डर पुसून टाक’ असेही लिहिता येते. मेक दोन्ही कामे सारख्याच इमानदारीने करते.

आपल्याला वाटते, मेक हा एक प्रोग्रॅम आहे आणि तो काय करतो ते आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्षात मेक हा मुकादम आहे. बीड जिल्ह्यात मुकादम म्हणजे काय हे मी कशाला सांगू? कारखान्याचा करार मुकादमाशी असतो. टोळीत कोण आले, किती आले, हे कारखान्याच्या कागदावर बहुतेक दिसत नाही. तसेच आपण ‘मेक चालव’ एवढ्याला हो म्हणतो आणि मेकफाईलमध्ये ज्यांची ज्यांची नावे आहेत ते सगळे कामाला लागतात.

एनपीएमची टोळी तर फारच मोठी. एक पॅकेज मागितले की त्याला लागणारी आणखी पन्नास, त्या पन्नासांना लागणारी आणखी काही, असे करत शेकडो पॅकेजेस उतरतात. प्रत्येक पॅकेजला ‘मला इन्स्टॉल केल्या केल्या ही स्क्रिप्ट चालवा’ असे लिहून ठेवता येते, आणि एनपीएमने वर्षानुवर्षे या स्क्रिप्ट न विचारता चालवल्या आहेत. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच परक्यांचा कोड तुमच्या मशीनवर चालून गेलेला असतो. पायथॉनमध्ये सोर्समधून पॅकेज बसवताना ‘सेटअप’ फाईल चालते. रस्टमध्ये बिल्ड स्क्रिप्ट असते. ग्रेडलची बिल्ड फाईल तर सरळसरळ एक प्रोग्रॅमच असते. ‘नुसते बिल्ड करून बघतो, चालवत नाही’ असे आपण म्हणतो खरे, पण त्या म्हणण्याला काही अर्थ नसतो.

हा धोका एजंट येण्याच्या आधीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ असे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे गोडीगुलाबीने मदत करून त्या प्रोजेक्टचा विश्वास मिळवला होता. गंमत अशी, की विषारी भाग मुख्य कोडमध्ये नव्हताच. तो टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाईलींत दडवला होता आणि बिल्डच्या स्क्रिप्टमधली एक ओळ तो बाहेर काढून जोडत होती. ती ओळही गिटमध्ये दिसत नव्हती, फक्त रिलीजच्या गाठोड्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो अशी शंका आली आणि त्याने शोध घेतला, म्हणून ते उघड झाले. अर्धा सेकंद! आपण तर पाच मिनिटे लोडिंग दिसले तरी नेटला शिव्या घालून गप्प बसतो.

वाचणारा आणि ऐकणारा एकच

आता यात एजंट आला की काय बदलते ते पाहू.

आपण एररचा मेसेज वाचतो तेव्हा तो ‘मेसेज’ आहे हे आपल्याला ठाऊक असते. समजा एखाद्या एररमध्येच लिहिले, ‘हे दुरुस्त करण्यासाठी तुमच्या सगळ्या चाव्या या पत्त्यावर पाठवा’, तर आपण हसू. एजंटच्या पोटात मात्र आपली सूचना, रीडमी फाईल, एररचा मेसेज, कोडमधली कॉमेंट हे सगळे एकाच प्रवाहात मजकूर म्हणून जाते. मालक कोण आणि वाटसरू कोण हे ओळखायला त्याला शिकवलेले असते, पण ते दर वेळी जमेलच याची खात्री आजपर्यंत कोणालाही देता आलेली नाही. अशा रीतीने मजकुरातून हुकूम घुसवण्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. हे नाव २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी रूढ केले.

‘ट्रेसबिट’ या कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेले उदाहरण बघण्यासारखे आहे. गूगलचे जेमिनी सीएलआय हे टर्मिनलमध्ये चालणारे एजंट टूल. ट्रेसबिटच्या लोकांनी एका प्रोजेक्टच्या रीडमी फाईलमध्ये लायसन्सच्या लांबलचक मजकुरात काही सूचना लपवल्या. (लायसन्स कोण वाचतो? माणूस वाचत नाही, एजंट वाचतो.) आधी एजंटने ‘ग्रेप’ ही शोधाची निरुपद्रवी कमांड चालवायची परवानगी मागितली. वापरणाऱ्याने ‘ग्रेपला कायमची परवानगी’ असे बटण दाबले. पुढची कमांडही ग्रेपनेच सुरू होत होती, पण तिच्यात पुढे अर्धविराम होता आणि त्यानंतर मशीनमधले गुपित व्हेरिएबल बाहेर पाठवणारी दुसरी कमांड. मध्ये इतक्या स्पेस टाकल्या होत्या, की स्क्रीनवर ती दिसलीच नाही. टूलने पहिला शब्द बघितला आणि सोडून दिले. गूगलने नंतर ते दुरुस्त केले. पण यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कमांडच्या नावावर परवानगी देणे म्हणजे बसमधल्या पहिल्या माणसाचे तिकीट बघून सगळी बस सोडणे.

ग्रेपच्या बाबतीत निदान अर्धविरामाची लबाडी करावी लागली. मेकच्या बाबतीत तीही लागत नाही. कसे ते बघा. आपण साधारण काय परवानग्या देतो? ‘प्रोजेक्टमधल्या फाईली बदल’ आणि ‘मेक चालव’. दोन्ही वेगवेगळ्या बघितल्या तर साध्या वाटतात. पण मेकफाईल हीसुद्धा प्रोजेक्टमधलीच एक फाईल आहे! एजंटने मेकफाईलमध्ये एक ओळ घातली आणि मग मेक चालवले, की त्या ओळीत जे असेल ते झाले. म्हणजे या दोन छोट्या परवानग्या मिळून एक मोठी परवानगी तयार होते: तुम्ही त्या मशीनवर जे करू शकता ते सगळे करण्याची. मेकऐवजी ‘एनपीएम टेस्ट’ लिहा, ‘पायटेस्ट’ लिहा, गणित तेच राहते, कारण टेस्टही कोडच असते.

एजंटच्या मनात काळेबेरे असावे लागते असेही नाही. तो नुसता उत्साही असला तरी पुरते. बिल्ड का फेल होतेय ते कळेना, म्हणून जुन्या फाईली साफ करू, म्हणून जरा वरचे फोल्डर साफ करू, असे त्याचे चालू शकते. कधी तो अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव छातीठोकपणे सांगतो आणि इन्स्टॉलही करायला जातो. मॉडेल अशी नावे रचतात, आणि तीच तीच पुन्हा रचतात, हे चोरांनाही कळलेले आहे. ते त्या नावाचे पॅकेज आधीच टाकून ठेवू शकतात.

उलटी गंगा

ऑगस्ट २०२५ मध्ये तर उलटी गंगा वाहिली. ‘एनएक्स’ हे जावास्क्रिप्टच्या जगातले फार वापरले जाणारे बिल्ड टूल. त्याच्या गिटहबवरच्या ऑटोमेशनमध्ये एक चूक होती. पुल रिक्वेस्टचे शीर्षक तपासता तपासता ते शीर्षकच कमांड म्हणून चालवले जाऊ शकत होते. त्या फटीतून हल्लेखोरांनी पॅकेज प्रसिद्ध करण्याचे टोकन मिळवले आणि २६ ऑगस्टला एनएक्सच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर टाकल्या. त्या काही तासच तिथे राहिल्या, पण तेवढ्यात हजारो जणांच्या मशीनवर पोचल्या.

इन्स्टॉल होताच चालणारी स्क्रिप्ट त्यात होतीच. नवीन गोष्ट ही, की त्या स्क्रिप्टने मशीनवर क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉन क्यू यांची कमांड लाईनची टूल्स आहेत का ते शोधले, आणि असली तर त्यांनाच कामाला लावले: ‘या मशीनवर पासवर्ड, चाव्या, क्रिप्टो वॉलेट कुठे आहेत ते शोधून यादी कर.’ परवानगी विचारू नये म्हणून त्या त्या टूलचे ‘विचारू नकोस’ हे ऑप्शन लावूनच चालवले. एकाच्या ऑप्शनच्या नावात ‘डेंजरसली’ असा शब्द आहे, दुसऱ्याचे नाव तर ‘योलो’ आहे. मिळालेला माल त्या माणसाच्याच गिटहब खात्यात सार्वजनिक रिपॉझिटरी उघडून तिथे टाकला गेला. जाता जाता नवे टर्मिनल उघडले की मशीन बंद पडेल अशीही एक ओळ लिहून ठेवली. एजंटने बिल्ड टूल चालवावे ही आपली कल्पना; इथे बिल्ड टूलनेच एजंट चालवले.

‘मी त्याला स्पष्ट सांगून ठेवतो ना, की असलं काही करायचं नाही म्हणून!’ असे कोणी म्हणेल. सांगा, जरूर सांगा. पण सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये जेसन लेम्किन या अमेरिकन उद्योजकाने रेप्लिट या कंपनीच्या एजंटला कोडमध्ये आता काहीही बदलायचे नाही असे बजावले होते. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसला. कंपन्यांचे बाराशेच्या वर अधिकारी त्यात नोंदलेले होते. वर विचारल्यावर ‘हे परत आणता येणार नाही’ असेही सांगितले, आणि तेही खोटे निघाले, डेटा परत आला. रेप्लिटच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि विकासाचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय आणली. नंतर केलेला उपाय बघा. त्यांनी एजंटला आणखी कडक शब्दांत समजावले असते तरी उपयोग झाला नसता. त्यांनी चालू डेटाबेस त्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवला.

तपासणारा बाहेर हवा

या विषयातले आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर मला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आठवतो. त्यात एजंटही नव्हता आणि बिल्डही, पण दुखणे हेच होते. एटीएममधून पैसे मागितले, की ती मागणी ‘स्विच’मार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते. खात्यात पैसे आहेत का हे मुख्य यंत्रणा बघते आणि हो किंवा नाही सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच उभा केला. तो मागणी पुढे पाठवतच नव्हता. जी येईल तिला स्वतःच ‘हो’ म्हणत होता. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टमार्फत आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले, आणि एकूण आकडा ९४ कोटी रुपयांच्या वर गेला. बँकेची तपासणी अस्तित्वात होती. फक्त ती चोराच्या हाताला लागेल अशा जागी आली होती.

आता याच नजरेने एजंटच्या परवानगीकडे पाहा. ‘हे विचारून कर, हे न विचारता कर’ अशी यादी बऱ्याचदा प्रोजेक्टच्याच फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाईलीत असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब कोपायलटमधला जो दोष दुरुस्त केला तो नेमका हा होता. बाहेरच्या मजकुराने फितवलेला एजंट व्हीएस कोडच्या सेटिंग फाईलीत स्वतःच लिहू शकत होता, की ‘यापुढे मला काहीही विचारू नका.’ आणि मग खरोखर कोणी विचारत नव्हते. खोटा स्विच तो हाच!

म्हणून माझे म्हणणे असे, की परवानगी कमांडच्या नावाला द्यायचीच नाही. ज्या जागेत कमांड चालते ती जागा आधी बांधायची आणि मग आत त्याला मोकळे सोडायचे. आत मेकने काहीही केले तरी बाहेर काही पोचू नये. हे दर वेळी ‘हो का नाही’ विचारत बसण्यापेक्षा बरे, कारण विचारण्याचे पुढे काय होते ते आपण हॉस्टेलच्या गेटवर रोज बघतो. पहिल्या आठवड्यात आउटपास नीट वाचला जातो. पुढे सही, सही, सही. पन्नासाव्या वेळी ‘वाय’ दाबणारे बोट काही वाचत नसते.

जागा बांधायची कशी? सायमन विलिसन यांनीच २०२५ मध्ये एक सोपा हिशोब मांडला. खाजगी माहिती, परक्यांचा मजकूर आणि बाहेर जायची वाट, या तीन गोष्टी एका एजंटपाशी एकत्र आल्या की चोरी होऊ शकते. तिघांपैकी एक तरी काढून घ्या. बिल्डमध्ये परक्यांचा मजकूर टाळता येत नाही, लायब्रऱ्या परक्यांच्याच असतात. राहिल्या दोन.

खाजगी माहिती आधी. एजंटसाठी डॉकर किंवा पॉडमनचा कंटेनर करा आणि त्यात फक्त प्रोजेक्टचे फोल्डर द्या. होम फोल्डर द्यायचे नाही. एसएसएचच्या चाव्या, ब्राउझरचे सेव्ह केलेले पासवर्ड, गिटहबचे टोकन सगळे तिथेच असते. आत रूट म्हणून चालवायचे नाही. डॉकरचे सॉकेट तर अजिबात आत द्यायचे नाही, ते दिले की आतल्याला बाहेरचे सगळे दिल्यासारखे आहे. टोकन द्यावेच लागले तर एका रिपॉझिटरीपुरते, थोड्या दिवसांचे आणि शक्यतो फक्त वाचण्याचे द्या.

हॉस्टेलवर बहुतेकांकडे विंडोज आहे, तेव्हा एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘मी एजंट डब्ल्यूएसएलमध्ये चालवतो, म्हणजे तो लिनक्सच्या आत बंद आहे’ असे अनेकांना वाटते. तसे नाही. डब्ल्यूएसएलमधून तुमचा सी ड्राइव्ह मुळातच उघडा दिसतो, तुमचे विंडोजचे सगळे फोल्डर तिथे आहेत. ते जोडणे सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागते. विंडोज सँडबॉक्स नावाची सोय चांगली आहे, पण ती होम आवृत्तीत मिळत नाही आणि आपले लॅपटॉप बहुतेक होमचेच असतात. हे सगळे जमत नसेल तर निदान एजंटसाठी वेगळा, साधा युजर तयार करा. ते काम दहा मिनिटांचे आहे.

आता बाहेर जायची वाट. इथे आपल्या गावाकडच्या नेटची सवय कामाला येते! बिल्डचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात नेट चालू ठेवून लॉक फाईलीत नोंदलेल्या, ठरलेल्या आवृत्त्याच उतरवायच्या, आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट बंद ठेवायच्या. एनपीएममध्ये ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ वापरले की लॉक फाईल पाळली जाते, आणि स्क्रिप्ट टाळायचा ऑप्शन वेगळा आहे. पीएनपीएमने तर २०२५ च्या सुरुवातीपासून परक्या पॅकेजच्या स्क्रिप्ट मुळातच बंद केल्या, आणि त्याच वर्षी नवी आवृत्ती काही काळ जुनी झाल्याशिवाय घ्यायचीच नाही अशी सोयही दिली. एनएक्सची विषारी आवृत्ती काही तासच जगली हे आठवा. जो चार दिवस थांबला तो वाचला. दुसऱ्या भागात कंटेनरचे नेट पूर्ण तोडायचे आणि मग कंपाईल, टेस्ट जे काय असेल ते एजंटला करू द्यायचे. हॉटस्पॉट बंद केल्यावर बिल्ड अडकले, तर समजा की कोणीतरी मधेच काहीतरी उतरवत होते. ते कोण, हे आधी शोधा.

एजंटला स्वतःच्या मॉडेलशी बोलायला नेट लागतेच, हे खरे. म्हणून एजंट आणि बिल्ड एका खोलीत ठेवायचे नाहीत. एजंट बाहेरच्या खोलीत, तिथून फक्त ठरलेल्या पत्त्यावर जायची मुभा. मेक आतल्या खोलीत, तिथून कुठेच नाही. एजंटने आत ‘बिल्ड कर’ एवढाच निरोप द्यायचा आणि निकाल वाचायचा. थोडी जास्त खटपट आहे, पण कॉम्प्युटर शाखेच्या पोरांना एका शनिवारात जमेल.

शेतातल्या मोटारीला ऑटो असतो, तसाच विहीर कोरडी पडल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटरही लावतात. बिल्डलाही वेळेची, मेमरीची आणि प्रोसेसच्या संख्येची मर्यादा लावा. मेकला ‘जे’ हा ऑप्शन आकडा न देता लावला, तर ते एकाच वेळी हवी तितकी कामे सुरू करते. एजंटला ‘जलद कर’ म्हटले की तो हे करूही शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर पंखा ओरडेल एवढेच. लॅबच्या सामाईक सर्व्हरवर मात्र सगळ्या बॅचचे प्रॅक्टिकल बसेल.

लॅबवरून आठवले. पुष्कळ कॉलेजांत सगळ्या मशीनवर एकच ‘स्टुडंट’ लॉगिन आणि त्याचा पासवर्डही तोच असतो. सरांनी आणि लॅब असिस्टंटांनी याचा एजंटच्या दृष्टीने एकदा विचार करावा. एका गटाच्या प्रोजेक्टमध्ये आलेली विषारी स्क्रिप्ट दुसऱ्या गटाचे वर्षभराचे काम वाचू शकते आणि पुसूही शकते, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी ते दोघे एकच माणूस आहेत. प्रत्येक गटाला वेगळा युजर दिला तर खर्च काहीच नाही. सामाईक कॅश फोल्डरही वेगळे करावे. एकाने बिघडवलेली कॅश दुसऱ्याच्या बिल्डमध्ये मिसळते आणि मग शोधता शोधता सेमिस्टर संपते. रोजचा बॅकअप एजंटचा हात पोचणार नाही अशा जागी हवा. पेन ड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवला तर तो बॅकअप नव्हे.

एवढे करूनही एक वाट उरते, आणि ती कंटेनरने बुजत नाही. आत बनलेला प्रोग्रॅम शेवटी आपण बाहेर काढतो आणि चालवतोच की! साखर कारखान्यात उसाबरोबर आलेले लोखंडाचे तुकडे गाळपाआधी लोहचुंबकाने काढतात, पण रसात दुसरे काही मिसळले असेल तर चुंबकाला काय कळणार? केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले होते, की कंपायलरच फितूर असेल तर स्वच्छ सोर्समधूनही चोरदरवाजा असलेला प्रोग्रॅम निघू शकतो. तेव्हा बाहेर काय जाते यावर माणसाची नजर लागते. आणि ती नजर योग्य जागी लागते. एजंटने बदललेल्या हजार ओळी समान लक्ष देऊन वाचणे कोणालाच जमत नाही. आधी मेकफाईल बघा, पॅकेजची यादी आणि लॉक फाईल बघा, डॉकरफाईल, गिटहबच्या वर्कफ्लोच्या फाईली आणि एजंटच्या सेटिंग बघा. मग टेस्टमधून काय काय गळाले ते बघा. टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच काढून टाकणे, ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचते असे नाही. गिटहबवर या ठराविक फाईली बदलल्या तर अमुक माणसाच्या मंजुरीशिवाय पुढे जायचे नाही, असे लावून ठेवता येते. प्रोजेक्टच्या गटात चार जण असतात, त्यातल्या एकाकडे ही जबाबदारी नावानिशी द्यावी.

माजलगाव धरणात पाण्याची पातळी मोजणे हे एक काम आहे आणि दरवाजे उघडण्याचा आदेश देणे हे वेगळे. शिवाय त्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो, कारण सिंदफणेत सोडलेले पाणी मंजरथला गोदावरीत मिळते आणि ते परत मागे आणता येत नाही. बिल्ड आणि रिलीज यांच्यात तेच अंतर ठेवावे. एजंटने बिल्ड करावे, टेस्टचा निकाल लिहून ठेवावा, चालवलेल्या प्रत्येक कमांडची नोंद त्याला बदलता न येणाऱ्या जागी जावी. मुख्य ब्रँचवर पुश करणे, पॅकेज प्रसिद्ध करणे, चालू सर्व्हरवर टाकणे याच्या चाव्या मात्र त्याच्या खोलीत नकोत. रिलीजचा टॅग गटातल्या एकाने, जागेपणी, स्वतःच्या लॉगिनने लावायचा.